अकरा मळकी, सहा पांढरी

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर सांगायला गेले तर तू म्हणालीस की ही काय आगगाडी सोडली आहेस, मला एक डबा धड दिसेना, कागदावर लिही. तर घे, लिहिते. आधी हात पुसून बस.

मावशी, माझ्या हातून एक भलतंच काहीतरी घडलं आहे! तुला माहीत आहे, गेली तीन वर्षं मी या प्रयोगशाळेत कार्बनला कार्बन जोडत बसले आहे. औषधाच्या रेणूचा सांगाडा म्हणजे कार्बन. पण दोन कार्बन आपण होऊन एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून एकाच्या अंगाला बोरॉन लावायचा, दुसऱ्याच्या अंगाला ब्रोमीन, आणि मध्ये पॅलेडियम नावाच्या धातूची चिमूट टाकायची. हा धातू म्हणजे पक्का मध्यस्थ. दोघांना हाताला धरून शेजारी बसवतो, बोरॉनला आणि ब्रोमीनला बाहेरची वाट दाखवतो, आणि कार्बनला कार्बन चिकटला की हात झटकून पुढच्या जोडीकडे पळतो. मध्यस्थाशिवाय हे लग्न लागत नाही असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात.

आणि माझ्याकडे लागलं! मागच्या सोमवारी घाईघाईत मी पॅलेडियम टाकायलाच विसरले. फ्लास्क तापायला ठेवला, खालचं यंत्र सुरू केलं, आतलं ढवळायचं चुंबक गरगर फिरायला लागलं, मी जेवायला गेले. परत येऊन बघते तर पॅलेडियमची बाटली कपाटात, सीलसुद्धा फोडलेलं नाही. म्हटलं, गेली दुपार पाण्यात. तरी सवयीने एक थेंब तपासायच्या पट्टीवर लावला, जिच्यावर प्रत्येक पदार्थाचा ठिपका आपापल्या जागी वेगळा उमटतो, आणि ती निळ्या दिव्याखाली धरली. मावशी, नवा ठिपका! जोडलेल्या रेणूचा, जिथे हवा तिथेच, चांगला ठसठशीत.

कुणाला बोलले नाही. मंगळवारी मुद्दाम पॅलेडियम न टाकता केलं. झालं. बुधवारी झालं, गुरुवारी झालं. शुक्रवारी आमच्या बाईंना दाखवलं. बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक, ज्यांच्या तोंडून शाब्बास ऐकायला माणसाने दुसरा जन्म घ्यावा. त्या खुर्चीतून उठल्या आणि पट्टी घेऊन थेट खिडकीपाशी गेल्या. म्हणाल्या, धातूशिवाय ही जोड होत असेल तर औषधातून धातूचा कण न् कण काढायचा केवढा खटाटोप वाचेल, कल्पना आहे का तुला. १२ मार्चला मोठी परिषद आहे. तिथे हे मी सांगायचं. मी! माझं पहिलं भाषण, आणि माझी पदवीही बहुतेक त्यावरच.

आईला कळवलं तर तिने जिन्यातली सगळी दारं ठोठावली म्हणे. तू मात्र अजून हूं की चूं केलेलं नाहीस. काकांना नमस्कार सांग. मायेत काटकसर करू नकोस.

तुझी
भिंगरी


दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं. तीनदा वाचलं. चौथी शिकलेल्या बाईला तीनदा वाचावं लागतं. पहिल्यांदा डोळ्यांना पाणी आलं. आपल्या घरात आजवर कुणी काही शोधून काढलं असेल तर ते तुझ्या काकांनी, आणि तेही स्वतःचा चष्मा, तोही कपाळावर असलेला. आता तू. माझी छाती भरून आली बघ.

मध्यस्थाचं उदाहरण मला लगेच कळलं. माझं लग्न जमवणाऱ्यानेही असेच हात झटकले आणि पळाला, तो अजून सापडायचा आहे.

आता तिसऱ्या वाचनाचं. मला गोल गोल बोलता येत नाही, सरळ विचारते. त्या फ्लास्कात चुंबक कोणतं टाकलं होतंस? नवं की जुनं?

हसू नकोस. बावीस वर्षं मी या औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचा धुते. तुमचे रेणू मला कळत नाहीत, पण तुमची खरकटी पाठ आहेत. कुठल्या टेबलावरून काय आलं ते डागावरून सांगते. बोरॉनचं काम चालतं त्या टेबलावरच्या फ्लास्कांना आतून काजळी धरते. ती तुझ्या मध्यस्थाची. काचेवरून आम्लाने निघून जाते. पण ते ढवळायचं चुंबक असतं ना, गोळीएवढं, वरून पांढऱ्या प्लास्टिकचं, त्याला फिरून फिरून ओरखडे पडतात आणि ती काजळी ओरखड्यांत जाऊन बसते. घास, उकळ, आम्लात बुडव, हलत नाही. चुंबक राखाडी होतं ते कायमचं.

आठ वर्षांपूर्वी आमच्या लंबूसाहेबांनी, म्हणजे इथल्या मोठ्या केमिस्टने, सगळी खोली डोक्यावर घेतली होती. जी रिअॅक्शन व्हायला नको तीच व्हायची. आठवडाभर मला बोलत होते, काचा नीट धुवत नाही म्हणून. शेवटी माझं डोकं फिरलं. तेच राखाडी चुंबक त्यांच्या वहीवर नेऊन आपटलं आणि म्हटलं की काचेला बोलू नका, याला बोला. नवं घेतलं, आणि थांबलं सगळं. तेव्हापासून मी एका टेबलाचं चुंबक दुसऱ्या टेबलाला जाऊ देत नाही. प्रत्येक टेबलाची बाटली वेगळी, बाटलीला चिठ्ठी. साहेबांनाही माझ्याकडून मागूनच घ्यावं लागतं.

तुमच्याकडे चुंबकं कुठे ठेवतात? कोण धुतं? एवढं बघ आणि मग बारा तारखेला खुशाल गर्जना कर.

टोचून बोलले असेन तर माझी माणूस म्हणून टोचलं, परकी असतीस तर नुसतं छान छान म्हटलं असतं. उत्तर लगेच टाक.

तुझी
मावशी


दि. १३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. एकदाच.

मी फ्लास्क आम्लाने धुते, मग पाण्याने, मग अॅसिटोनने, आणि ओव्हनमध्ये वाळवते. चुंबकही त्यातच धुतलं जातं. ही एकदा झालेली गंमत नाही, चार वेगवेगळ्या फ्लास्कांत चार वेळा झालेली गोष्ट आहे. तुमच्या कारखान्यात तसं झालं असेल, नाही म्हणत नाही. पण इथे संशोधन चालतं. तू काचा धुतेस, फार छान धुतेस, पण धुणं वेगळं आणि करणं वेगळं.

बाईंनी परिषदेला मथळासुद्धा कळवून टाकला: धातूविना कार्बनजोड. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला रोज सकाळी मला वाकून नमस्कार करतो, चेष्टेने का होईना. तीन वर्षांत पहिल्यांदा मला इथे कुणीतरी असल्यासारखं वाटतं आहे, आणि नेमकं आत्ता तू चुंबकाचं काढलंस. आईला पत्र दाखवलेलं नाही, तिला वाईट वाटेल. मला वाटलंच.

कामात आहे. प्रकृतीला जप. लोभ आहे, पण आज जरा मागच्या बाकावर जाऊन बसला आहे.

भिंगरी


दि. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, घरात आहेत तेवढे सगळे.

तुझा राग पोचला. धुणं वेगळं आणि करणं वेगळं, हे मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, लागलं का तुला? म्हटलं, लागून घ्यायला वेळ कुठे आहे, बारा तारीख दारात आली.

चार फ्लास्क बदललेस म्हणतेस. चुंबक बदललंस का? पानभर राग आहे, पण या एका प्रश्नाचं उत्तर नाही. म्हणजे तुलाही ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हे तुला कळलं आहे, म्हणूनच एवढी फणफणलीस. तू जन्मल्यापासून मी तुला ओळखते. हरवलेली चप्पल आपल्याच हातात आहे हे कळलं की तू अशीच ओरडायचीस.

आता ऐक. न फोडलेल्या पाकिटातलं एक कोरं चुंबक घे. कोरा फ्लास्क घे. शेजारी तुझं जुनं चुंबक, तेही कोऱ्या फ्लास्कात. बाकी सगळं सारखं, पॅलेडियम दोन्हींत नको. एका दुपारचं काम. दोन्हींत ठिपका आला तर माझी पत्रं फाड, मी स्वतः येऊन पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन, एक शब्द न कळता. पण नव्यात आला नाही तर? भरल्या सभेत कुणी उठून मी विचारलं तेच विचारलं, तर काय सांगशील? तीनदा धुतलं होतं म्हणून?

कर आणि कळव. रुसायचं असेल तर नंतर रुस, मी कुठे पळून जात नाही.

तुझी
मावशी


दि. २१ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि., आणि मागच्या पत्रासाठी दोन्ही कान धरून उभी आहे असं समज.

नव्यात नाही आला.

एक अख्खा दिवस मी तुझं पत्र खिशात घेऊन फिरले. काल दोन्ही फ्लास्क शेजारी शेजारी लावले, एकात कोरं चुंबक, दुसऱ्यात नेहमीच्या जुन्यांतलं एक. चार वाजता पट्ट्या काढल्या. जुन्या चुंबकाच्या पट्टीवर ठिपका, नेहमीसारखा, ऐटीत. नव्याच्या पट्टीवर बोरॉनवाला इकडे आणि ब्रोमीनवाला तिकडे, ओळखसुद्धा न दाखवता. मी दिवा विझवून पुन्हा लावला, जसं काही त्याने फरक पडणार होता. मग जुनं चुंबक चिमट्यात धरून नव्याच्या बाजूला ठेवलं. एकटं असताना असलं चुंबक मला पांढरंच वाटायचं. शेजारी ठेवल्यावर राखाडी.

रडले थोडी. पण मग काय झालं माहीत आहे? रडणं अर्धवट सोडून मी हिशेब करायला लागले. मावशी, त्या ओरखड्यात पॅलेडियम असेल तरी केवढं असेल! आमच्या सगळ्यात नाजूक वजनकाट्यालाही पत्ता लागणार नाही एवढं. आणि तेवढंसं ते रोज धुतलं जातं, रोज पुन्हा कामाला लागतं आणि फ्लास्कभर कार्बन जोडून मोकळं होतं! चोर पकडला म्हणून आनंद व्हावा की चोराच्या हातचलाखीला दाद द्यावी ते कळेना.

बाईंना सांगितलं. त्या ऐकेनात. एका फ्लास्कावरून काय ठरतं म्हणाल्या. नव्या प्लास्टिकमध्येच काहीतरी आडवं येणारं असेल, नाहीतर तुझा बोरॉनचा पदार्थ शिळा झाला असेल. चूक नाही त्यांची, चार फ्लास्कांवरून आधी आम्हीच उड्या मारल्या होत्या. त्यांना अशी चुंबकं हवीत ज्यांचा सगळा इतिहास माहीत आहे, काही पॅलेडियमच्या कामातली, काही त्याच्या वाऱ्यालाही न गेलेली. आणि आमच्याकडे काय, तर एक ट्रे. चाळीस चुंबकं एकत्र पडलेली, हाताला येईल ते उचलायचं. हो, म्हणूनच तुला उत्तर दिलं नव्हतं.

पाच मार्चपर्यंत पटवून दे म्हणाल्या, नाहीतर कळवलेलाच मथळा कायम. म्हणजे बारा तारखेला मला उभं राहून ते सांगावं लागेल, जे खोटं आहे हे मला कळून चुकलं आहे. मावशी, तुझ्या त्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या. त्यांतली काही मिळतील का?

लोभ पुढच्या बाकावर आला आहे, आणि हात जोडून बसला आहे.

तुझी
भिंगरी


दि. २४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र हातात पडलं तशी ओल्या हातांनीच लंबूसाहेबांच्या खोलीत शिरले. चार माणसं बसली होती, काहीतरी महत्त्वाचं चाललं होतं. म्हटलं, मलाही महत्त्वाचंच आहे. साहेब म्हणाले, बोला, तुम्ही थांबणार आहात थोड्याच. सगळं सांगितलं, तुझं पत्रही वाचून दाखवलं, रडल्याची ओळ गाळून. त्या चार माणसांतला एक उठून माझ्यामागे धुलाईच्या खोलीत बाटल्या बघायला आला. मग दुसरा. शेवटी साहेब वाकून, दाराची चौकट चुकवत, स्वतः आले. दोन सिंक आणि वाळवणाच्या खुंट्या, एवढीशी खोली, आणि त्यात पाच केमिस्ट माझ्या बाटल्या उजेडाकडे धरून बघताहेत. बावीस वर्षांत एवढी गर्दी तिथे पाइप फुटला तेव्हा झाली होती.

साहेबांनी परवानगी दिली. काढून टाकलेली पण मी न फेकलेली, अशी सतरा चुंबकं पाठवते आहे. प्रत्येक वेगळ्या बाटलीत, झाकण मेण लावून बंद. चिठ्ठीवर कुठलं टेबल ते लिहिलं आहे. निळ्या डब्यात अकरा मळकी. ती जोडणार. पांढऱ्या डब्यात सहा पांढरीशुभ्र. ती जोडणार नाहीत. पैज लाव माझ्याशी. लांबून एक नजर टाकून सांगते मी, कोण कुठून आलं ते.

पार्सल सकाळी टाकलं. टपालातल्या माणसाने विचारलं, आत काय आहे. म्हटलं, माझ्या भाचीचं भाषण. नीट उचल.

बाटल्या एका वेळी एकच उघड. एकाचा चिमटा दुसऱ्याला लावलास तर तिथे येऊन कान पिळीन. जेवत जा. तुझ्या आईला मी आपणच सगळं सांगितलं, ती आधी माझ्यावर चिडली, मग तुझ्यावर, मग चहा ठेवायला गेली.

काम झालं की कळव, मी दारातच उभी आहे.

तुझी
मावशी


दि. ४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

बाईंनी तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढून घेतल्या, बाटल्यांना नुसते आकडे दिले आणि यादी आपल्या खणात कुलूप लावून ठेवली. कुठलं चुंबक कुठलं ते मलाही कळता कामा नये. म्हणजे मी मनातलं पट्टीवर बघणार नाही. बोरॉनच्या पदार्थाची नवी बाटली फोडली. सतरा फ्लास्क! चुंबकं बाईंनीच टाकली आणि मळकं-पांढरं मला दिसू नये म्हणून फ्लास्कांना कागद गुंडाळला. दाढीवाल्याने आपलं टेबल रिकामं करून दिलं. दोन दिवस खोलीत मधमाश्यांचं पोळं बसल्यासारखा आवाज. परवा दुपारी दिवा बाईंनी स्वतः धरला. मी आकडा सांगायचे आणि पट्टी पुढे करायचे, त्या हो किंवा नाही लिहायच्या. नऊ आकड्यांनंतर बाई मानही वर करीनात. सतरावा झाला आणि त्यांनी किल्ली काढली.

अकरा मळक्यांपैकी दहांनी जोडलं. सहा पांढऱ्यांपैकी पाचांनी काही म्हणता काही केलं नाही.

बाईंनी यादी दोनदा ताडून पाहिली. मला वाटलं, आता आपण संपलो. एवढ्यात त्यांनी फोन उचलला आणि परिषदेच्या माणसाला सांगितलं की मथळा बदला. तो म्हणाला छापून झालं. त्या म्हणाल्या, मग खोडून छापा. नवा मथळा त्यांनी उभ्या उभ्याच सांगितला: धातूविना वाटलेली कार्बनजोड आणि ढवळायचं चुंबक. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, एवढ्याशा पॅलेडियमला एवढं जमतं तर नक्की किती पुरतं, हे मोजशील का? पदवी सहा महिने पुढे जाईल म्हणाल्या. मी हो म्हणून मोकळी झाले. मग बाहेर जिन्यात जाऊन एक उडी मारली, दाढीवाल्याने पाहिली.

पण पैज तू दोन ठिकाणी हरलीस. खिडकीजवळच्या टेबलावरचं मळकं चुंबक, त्याने जोडलं नाही. आणि साहेबांच्या टेबलावरचं पांढरंशुभ्र, त्याने जोडलं, सगळ्यांत जोरात जोडलं. तीनदा करून पाहिलं. बाई म्हणतात, या दोघांचं खरं काय ते कळल्याशिवाय भाषणाला शेंडा नाही. शोधून दे ना.

तुझ्या लोभाला आता मी एकटी पुरणार नाही, बाईही रांगेत आहेत.

तुझी
भिंगरी


दि. ८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, त्यांतले दोन बाईंना दे.

पत्र वाचून आधी मी तुझ्यावरच चिडले. म्हटलं, हिनेच बाटल्यांची अदलाबदल केली असणार. मग तीनदा करून पाहिलं हे वाचलं आणि राग मागे घेतला. राग मागे घ्यायची मला सवय नाही, काकांनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी टेबलाटेबलावर जाऊन उलटतपासणी घेतली. खिडकीजवळचा केमिस्ट म्हणाला, ते चुंबक आयुष्यभर रंगाच्या कामात होतं, पॅलेडियमचं त्याने तोंडही पाहिलेलं नाही. म्हणजे त्याचा मळ निव्वळ रंगाचा. मी राखाडी बघितलं आणि मळक्यांत टाकून मोकळी झाले.

दुसऱ्यासाठी लंबूसाहेबांना गाठलं. आधी नाहीच म्हणाले, ते माझ्या टेबलाचं, पाण्याशिवाय कशात घातलेलं नाही. मी हललेच नाही. मग त्यांना आठवलं. गेल्या वर्षी एकदा बोरॉनच्या टेबलाला चुंबक कमी पडलं तेव्हा त्यांनी आपलं दिलं होतं, एकाच दुपारपुरतं. परत आलं ते पांढरंच होतं, म्हणून धुऊन आपल्या बाटलीत टाकलं. मला न विचारता! एका दुपारीत आत गेलेलं, वरून काही दिसत नाही. साहेबांना मी त्यांच्याच खोलीत काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते मान खाली घालून ऐकत होते आणि एवढे उंच असूनही मला दिसत नव्हते.

पण खरं सांगू? त्यांच्याइतकीच मीही चुकले. एवढी वर्षं मी म्हणत आले की माझा डोळा सांगतो. मळकं ते वाईट, पांढरं ते चांगलं. आणि डोळा दोन्हीकडून फसला. तेव्हापासून मी मळ बघणं सोडलं आहे. आता कुठल्या टेबलाचं आणि कुणाच्या हातून आलं तेवढंच बघते, आणि कुणाच्या आठवणीवर नाही, चिठ्ठीवर. या वयात पुन्हा शिकायला लागलं, आणि गंमत म्हणजे मला ते आवडतं आहे. काल घरी येताना मी रस्त्यात एकटीच हसत होते. काकांचं म्हणणं की मी आता तुझ्यासारखी दिसायला लागले. मी त्यांना सांगितलं, तिला कळवते, घाबरेल ती.

आता बारा तारखेचं. तू आधी ती दहा मळकी दाखवशील आणि टाळ्या घेशील, मला माहीत आहे. तसं करू नकोस. आधी ते पांढरं दाखव. चिमट्यात धरून उंच धर. सांग की बावीस वर्षं काचा धुणाऱ्या बाईने हे स्वच्छ म्हणून छातीठोक पाठवलं होतं, आणि ते स्वच्छ नव्हतं. हसतील. मनसोक्त हसू दे, मला काही लागत नाही. हसता हसता एकेकाला आपापल्या प्रयोगशाळेतलं चुंबक आठवायला लागेल, आणि हसणं आपोआप थांबेल. मग तू बोलायला सुरुवात कर.

उभी राहशील तेव्हा आवाज मोठा ठेव. माया पुरून उरेल एवढी पाठवते आहे, भाषण झाल्यावर मोजून घे.

तुझी
मावशी